माणसें मोजावीं कीं राज्यें?

अनेक राज्यांनीं मिळून एक राष्ट्र व्हावयाचें ठरविलें म्हणजे पहिला तंटा उपस्थित होतो तो समाईक कायदेमंडळांत कोणाचीं मतें किती, याचा. आमच्या व्यापारी वाचकांस या तंट्याचें स्वरूप फोडून सांगण्याचें कारण नाहीं. एका पेढींत एकाचा हिस्सा बारा आण्यांचा व दुसऱ्याचा चार आण्यांचा असतो. बारा आणेवाला म्हणतो, भांडवल माझें अधिक, सबब निर्णय माझ्या मताप्रमाणें व्हावा; चार आणेवाला म्हणतो, पेढी बुडाली तर माझें सर्वस्वच बुडतें, सबब माझ्या संमतीवांचून पान हालूं नये. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटविणें कठीण जातें. परंतु ज्या पेढींत तो वेळींच मिटत नाहीं, तिचें दिवाळें निघावयास बाहेरचा शत्रु लागत नाहीं.

आपल्या देशांतहि हा वाद पुनः वर आला आहे. लोकसभेंत कोणत्या राज्यास किती जागा, याचें प्रमाण १९७१ सालच्या शिरगणतीवर ठरलेलें. तें १९७६ सालीं बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें गोठविण्यांत आलें, आणि २००१ सालच्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनें ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत लांबविण्यांत आली. मुदत जसजशी जवळ येत गेली, तसतशी दक्षिणेकडील राज्यांची धास्ती व उत्तरेकडील राज्यांची मागणी हीं दोन्ही वाढत गेलीं. अशा वेळीं तावातावानें बोलणारे पुष्कळ भेटतात; परंतु हाच प्रश्न पूर्वीं ज्यांच्यापुढें उभा राहिला त्यांनीं तो कसा सोडविला, त्यांत काय साधलें व काय बिघडलें, हें शांतपणें पाहणारे थोडे. तें पाहावें आणि त्यावरून आपल्या देशानें कोणता मार्ग धरावा हें सुचवावें, हा आजच्या लेखाचा हेतु आहे.

उत्तर अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं १७७६ सालीं इंग्लंडचें जूं झुगारून दिलें, आणि लढाई चालू असतांनाच आपसांत एक संघ केला. त्या संघाचे नियम १७८१ सालीं अंमलांत आले. संघाच्या काँग्रेस नांवाच्या सभेंत, राज्य मोठें असो वा लहान, प्रत्येकास एकच मत असे. महत्त्वाच्या कामास तेरांपैकीं नऊ राज्यांची संमति लागे, आणि संघाचा नियमच बदलावयाचा तर तेराहि राज्यांची. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे वर्गणी मागे, आणि राज्यें मनास येईल तेव्हां मनास येईल तेवढी देत. लढाईचें कर्ज फेडण्यासाठीं परदेशी मालावर शेंकडा पांच जकात बसविण्याची योजना निघाली, तर एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळें ती १७८२ सालीं बारगळली. न्यूयॉर्कच्या बंदरांतून माल घेणाऱ्या न्यू जर्सी व कनेक्टिकट या शेजाऱ्यांस त्या बंदराच्या जकातीचा भार सोसावा लागे, आणि तिचें उत्पन्न मात्र न्यूयॉर्कच्या तिजोरींत पडे. शेवटीं १७८६ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें कर्जानें व करांनीं गांजलेले शेतकरी डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखालीं हत्यारें घेऊन उठले. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ सालीं सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या उठावाचें मर्म सहज कळेल. सर्वांस समान मत होतें, पण त्या मतानें कांहीं घडवून आणण्याची शक्ति कोणाच्याच हातीं नव्हती, अशी त्या संघाची स्थिति झाली होती.

ती सुधारण्यासाठीं १७८७ च्या मे महिन्यांत फिलाडेल्फिया येथें राज्यांचे प्रतिनिधि जमूं लागले. ऱ्होड आयलंडनें कोणास पाठविलेंच नाहीं. बाकीच्या बारा राज्यांतून एकंदर पंचावन्न गृहस्थ निरनिराळ्या वेळीं हजर राहिले. अध्यक्षस्थानीं जॉर्ज वॉशिंग्टन होते. कामकाज गुप्त ठेवावयाचें ठरलें. डेलावेअरच्या प्रतिनिधींस तर त्यांच्या कायदेमंडळानें निघतांनाच बजावून ठेवलें होतें कीं, दर राज्यास एक मत हा नियम बदलूं देऊं नका.

२९ मे रोजीं व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांनीं एक योजना पुढें मांडली. तिचा मुख्य कर्ता जेम्स मॅडिसन. कायदेमंडळाचीं सभागृहें दोन असावीं, आणि दोहोंतहि प्रत्येक राज्यास त्याच्या भरण्याच्या किंवा स्वतंत्र रहिवाशांच्या संख्येच्या मानानें जागा असाव्या, असें तिचें स्वरूप होतें. पुढें १७९० सालीं जी पहिली शिरगणति झाली, तींत व्हर्जिनियाची वस्ती सुमारें साडेसात लक्ष व डेलावेअरची एकोणसाठ हजार भरली. म्हणजे एक दुसऱ्याच्या जवळजवळ तेरापट. मोठ्या राज्यांचें म्हणणें असें कीं, जुना संघ राज्यांस आज्ञा करीत होता म्हणून तो फसला. नवें सरकार थेट माणसांवर कर बसविणार व माणसांकडून कायदा पाळवून घेणार. तर मग मोजावयाचें तें माणसांसच. पेन्सिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांनीं तर सरळच विचारलें कीं, न्यू जर्सीच्या पन्नास माणसांच्या बरोबरीस आमचीं दीडशें माणसें लागावीं, हा कोठला न्याय?

लहान राज्यांच्या वतीनें न्यू जर्सीचे विल्यम पॅटर्सन यांनीं १५ जून रोजीं उलट योजना आणली : सभागृह एकच असावें, व त्यांत पूर्वीप्रमाणें दर राज्यास एक मत. ती १९ जून रोजीं नामंजूर झाली. परंतु तीमागची भीति नामंजूर करतां येण्यासारखी नव्हती. डेलावेअरचे गनिंग बेडफर्ड यांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, नव्या व्यवस्थेंत आमच्या वांट्यास सुमारें नव्वदावा हिस्सा येईल, आणि व्हर्जिनिया व पेन्सिल्व्हेनिया या दोघांच्या मिळून तिसरा हिस्सा. ३० जून रोजीं याच गृहस्थांनीं असेंहि बोलून दाखविलें कीं, मोठ्या राज्यांनीं संघ मोडला तर आमचा हात धरणारें एखादें परकीय राष्ट्र आम्हांस भेटेल. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांत परक्यांचें नांव निघावें, यावरून वाद कोणत्या थरास गेला होता हें वाचकांनीं ओळखावें.

मार्ग दाखविला तो मध्यम आकाराच्या कनेक्टिकटनें. रॉजर शर्मन यांनीं ११ जूनलाच सुचविलें होतें कीं, एका सभागृहांत माणसें मोजावीं व दुसऱ्यांत राज्यें. तेव्हां तें कोणास रुचलें नाहीं. २ जुलै रोजीं दुसऱ्या सभागृहांतील समान मताचा प्रश्न मतास टाकला, तेव्हां पांच राज्यें एका बाजूस, पांच दुसऱ्या बाजूस, आणि जॉर्जियाचे प्रतिनिधि आपसांतच दुभंगलेले, असा पेंच पडला. वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनीं त्याच सुमारास सुताराचा दाखला दिला होता. रुंद मेज करावयाचें असून दोन फळ्यांच्या कडा जुळत नसतील, तर शहाणा सुतार दोहींकडून थोडथोडें तासून सांधा बसवितो. तेंच पुढें झालें. दर राज्याचा एक याप्रमाणें समिति नेमली गेली, आणि १६ जुलै रोजीं पांच विरुद्ध चार अशा एका मताच्या आधिक्यानें तडजोड मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्स दुभंगलें, व न्यूयॉर्कच्या तीन प्रतिनिधींपैकीं दोघे आधींच निघून गेल्यामुळें त्या राज्याचें मतच पडलें नाहीं. खालच्या सभागृहांत लोकसंख्येच्या मानानें जागा. वरच्या सभागृहांत, म्हणजे सेनेटांत, दर राज्यास दोन. पैशासंबंधीं विधेयकें खालच्या सभागृहांत निघावीं. पहिल्या कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहांतील पासष्ट जागांपैकीं व्हर्जिनियास दहा आल्या, डेलावेअरला एक; सेनेटांत दोघांसहि दोन दोन.

या तडजोडीचें फळ काय झालें, तें मंजुरीच्या क्रमावरून दिसून येतें. नवी घटना सर्वांआधीं मान्य केली ती, तिला सर्वांत अधिक भ्यालेल्या डेलावेअरनें, आणि तीहि ७ डिसेंबर १७८७ रोजीं एकमतानें. न्यू जर्सीनेंहि त्याच महिन्यांत एकमतानेंच मान्यता दिली. उलट व्हर्जिनियांत ती पुढील वर्षीं ८९ विरुद्ध ७९ मतांनीं, आणि न्यूयॉर्कमध्यें ३० विरुद्ध २७ मतांनीं कशीबशी पार पडली. तेव्हां दुर्बलास विश्वास वाटेल अशी जागा देणें हें त्याच्यावर उपकार करणें नव्हे. राष्ट्राचा पाया पक्का करण्याचा तो रोखठोक व्यवहार आहे. हा पहिला धडा.

परंतु या गोष्टीस दुसरीहि बाजू आहे, आणि फिलाडेल्फियाच्या तडजोडीची स्तुति करणारे पुष्कळ लोक ती झांकून ठेवतात. मॅडिसन यांनीं त्याच सभेंत सांगितलें होतें कीं, मोठीं राज्यें एक होऊन लहानांस गिळतील ही भीति पोकळ आहे. मॅसॅच्युसेट्सचा धंदा मासळीचा, पेन्सिल्व्हेनियाचा पिठाचा, व्हर्जिनियाचा तंबाखूचा. यांचें हित एक व्हावें कसें? खरी फूट लहानमोठ्यांची नसून, गुलाम बाळगणाऱ्या व न बाळगणाऱ्या राज्यांची आहे. पुढील इतिहासानें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें करून दाखविलें. व्हर्जिनिया, पेन्सिल्व्हेनिया व मॅसॅच्युसेट्स यांनीं एकजुटीनें डेलावेअरवर चाल केल्याचें उदाहरण कोणास सांपडणार नाहीं. गुलामगिरीवरून मात्र १८६१ सालीं देश दुभंगला, आणि चार वर्षें यादवी युद्ध झालें.

आणि माणसें मोजावयाचीं असें ठरल्यावर माणूस कोणास म्हणावें, हाहि प्रश्न त्या सभेपुढें आलाच. दक्षिणेकडील राज्यांची इच्छा अशी कीं, आपल्या गुलामांना मत तर मुळींच नसावें, परंतु जागा मोजतांना मात्र तीं डोकीं आपल्या नांवें जमा व्हावीं. १२ जुलै रोजीं ठरलें कीं, पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरावीं. १७९० सालीं त्या देशांत सुमारें सात लक्ष गुलाम होते. एकट्या व्हर्जिनियांत तीन लक्षांच्या आसपास. त्यांच्या डोक्यांच्या जोरावर त्यांच्या धन्यांस अधिक जागा मिळाल्या. आणि गुलामांची आयात बंद करण्यास १८०८ सालापर्यंत मनाई झाली. तडजोड दोघांनीं केली व किंमत दिली तिसऱ्यानें. आणि त्या तिसऱ्याचा एकहि प्रतिनिधि त्या सभागृहांत नव्हता. गुलामगिरी १८६५ सालीं नष्ट झाली व पांचास तीन हा हिशेब १८६८ सालीं घटनेंतून गेला. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसली त्यांस अर्पण केला. त्या अर्पणाचा अर्थ महाराष्ट्रानें तरी विसरूं नये. राज्यांराज्यांचा तराजू सांवरतांना त्या राज्यांच्या आंत ज्यास आवाज नाहीं त्याचें काय होतें, हें पाहणें हा दुसरा धडा होय.

तिसरा धडा सेनेटाचा. लहान राज्यांच्या रक्षणासाठीं जी भिंत उभारली, तिच्या आडोशास दुसरेच येऊन बसले. उत्तरेकडील वस्ती वाढत गेल्यानें खालच्या सभागृहांत गुलामगिरीविरुद्ध मतें वाढलीं. १८१९ सालीं मिसूरी प्रांतांत नवे गुलाम आणण्यास बंदी करावी असें त्या सभागृहानें ठरविलें, तें सेनेटानें फेटाळलें. पुढें दोहों बाजूंचें सेनेटांतील बळ समान राहावें म्हणून गुलाम न बाळगणारें मेन व बाळगणारें मिसूरी हीं जोडीनें संघांत घेण्याची १८२० ची तडजोड निघाली. समान मताचा नियम असा भलत्याच कामीं आला. शिवाय तो नियम आतां बदलण्याचीहि सोय नाहीं. कोणत्याहि राज्याचा सेनेटांतील समान हक्क त्याच्या स्वतःच्या संमतीवांचून काढतां येणार नाहीं, असें कलम घटनेंतच घातलेलें आहे. १७९० सालीं मोठ्यांतलें मोठें राज्य लहानांतल्या लहानाच्या तेरापट होतें. २०२० च्या शिरगणतींत कॅलिफोर्नियाची वस्ती ३ कोटि ९५ लक्ष व वायोमिंगची ५ लक्ष ७७ हजार भरली. हें प्रमाण अडुसष्ट पटींचें झालें, तरी सेनेटर दोघांचे दोन दोनच. पंचावन्न गृहस्थांनीं आपल्या काळच्या अंतरास शोभेल असा अंगरखा शिवला आणि त्याच्या शिवणीस कुलूप लावून किल्ली फेकून दिली. न्याय्य तडजोडीसहि फेरतपासणीची तारीख असावी, हें त्यावरून शिकावें.

आतां आपल्या घरीं वळूं. आमच्या घटनाकारांनीं सेनेटाचा नियम जसाच्या तसा उचलला नाहीं. राज्यसभेच्या जागा ठरवितांना त्यांनीं राज्यांच्या पहिल्या पन्नास लक्ष वस्तीपर्यंत दर दहा लक्षांस एक व त्यापुढें दर वीस लक्षांस एक, असें उतरतें माप धरलें. हेतु चांगला होता. परंतु हा उतार इतका बेताचा कीं, मोठ्या राज्याचें पारडें वरच्या सभागृहांतहि जडच राहिलें. आज राज्यसभेंत उत्तर प्रदेशास ३१ जागा, महाराष्ट्रास १९, आणि गोव्यास एक. गोवें, सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम, मेघालय व त्रिपुरा या आठ राज्यांच्या मिळून जागा आठ! राज्यांची सभा म्हणून जिचें नांव, तिच्यांतहि मोजलीं जातात तीं मुख्यतः माणसेंच. मग लहान राज्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

उलट, जेथें माणसें मोजावयाचीं त्या लोकसभेंत आम्हीं ५० वर्षांपूर्वींचीं माणसें मोजण्याचा हट्ट धरला. २०११ च्या शिरगणतीचे आंकडे घेऊन हिशेब केला, तर राजस्थानांत लोकसभेच्या एका जागेमागें सुमारें साडेसत्तावीस लक्ष वस्ती, बिहारांत सव्वीस लक्ष, तामिळनाडूंत साडेअठरा लक्ष, आणि केरळांत पावणेसतरा लक्ष येते. म्हणजे केरळांतील तीन मतदारांचें वजन राजस्थानांतील पांच मतदारांएवढें झालें. ‘एक माणूस, एक मत, एक मोल’ हें तत्त्व ज्यांस प्रिय आहे, त्यांस ही स्थिति कायमची चालूं द्यावी असें म्हणतां येणार नाहीं. जयपूरचा हमाल कोचीच्या हमालाहून कमी नागरिक नव्हे.

यावर दक्षिणेकडून जो आक्षेप येतो तो क्षुल्लक समजूं नये. कुटुंब मर्यादित ठेवा असें सरकारनेंच सांगितलें. आम्हीं शाळा काढल्या, मुलींस शिकविलें, दवाखाने नीट चालविले, त्यामुळें आमची वस्ती आवरली. आणि त्याचें बक्षीस म्हणून आमच्या जागांचा वांटा घटावा काय? हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर माणसांचें मोल कमी करून देऊं नये. ज्या मातेस शाळा मिळाली नाहीं, दवाखाना मिळाला नाहीं, तिच्या पोरांची गणना कमी करणें म्हणजे तिच्यावरील अन्यायाचा दंडहि तिच्याकडूनच वसूल करणें होय. राज्याच्या चांगल्या कारभाराचा मान राखावयाचा तो राज्य या नात्यानें, आणि त्याची योग्य जागा राज्यसभा ही होय. एकाच सभागृहांत दोन्ही मापें वापरूं गेल्यास दोन्ही खोटीं ठरतात. धान्याचें माप व कापडाचा गज हीं आपापल्या जागींच बरीं.

सबब आमचें मत असें आहे. लोकसभेंतील जागा ताज्या शिरगणतीप्रमाणें वांटाव्या; मात्र त्याच दिवशीं, त्याच कायद्यानें, राज्यसभेचा उतार अधिक तीव्र करावा. जर्मनीचें उदाहरण या कामीं अमेरिकेहून अधिक उपयोगाचें आहे. तेथील राज्यांच्या सभेंत वीस लक्षांपर्यंत वस्ती असलेल्या राज्यास तीन मतें, त्याहून अधिक असल्यास चार, साठ लक्षांवर पांच, आणि सत्तर लक्षांवर सहा. सात लक्षांच्या आंतबाहेर वस्तीचें ब्रेमेन व पावणेदोन कोटींहून अधिक वस्तीचें नॉर्थ राईन-वेस्टफालिया यांच्यांतील अंतर तीन व सहा एवढेंच. येथें मोठा तो मोठाच राहतो, परंतु लहान तो शून्य होत नाहीं. आपल्या देशांत याच धर्तीवर चारपांच पायऱ्या कराव्या, आणि दर शिरगणतीनंतर कोणतें राज्य कोणत्या पायरीवर आलें हें पुनः पाहावें. म्हणजे अमेरिकेसारखें कुलूप लागणार नाहीं.

राज्यसभेस अधिकार ते काय, असें कोणी विचारील. पैशाच्या विधेयकांत तिचें चालत नाहीं हें खरें. परंतु घटना दुरुस्त करावयाची असेल तर दोन्ही सभागृहांची निरनिराळी संमति, आणि मतें देणाऱ्यांपैकीं दोन तृतीयांशांचें आधिक्य लागतें. राज्यांच्या यादींतील विषयावर संसदेनें कायदा करावा असें ठरविण्याचा अधिकार तर राज्यसभेचाच आहे. राज्यांचे हक्क जेथें जातात किंवा राहतात, नेमक्या त्याच उंबरठ्यावर ही सभा उभी आहे. तेथील पहारेकरी सबळ हवा.

पहारेकरी त्या घरचाहि हवा. पूर्वीं राज्यसभेचा उमेदवार ज्या राज्यांतून निवडून यावयाचा त्या राज्याचा मतदार असणें अवश्य होतें; २००३ सालीं कायदा बदलून ही अट काढण्यांत आली, व सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं तो बदल कायम केला. तो कायदेशीर ठरला म्हणून शहाणपणाचा ठरत नाहीं. ज्याचें घर एका राज्यांत, मत दुसऱ्या राज्यांत, आणि जागा तिसऱ्या राज्याची, तो बोलणार कोणाच्या वतीनें? पक्षश्रेष्ठींची सोय व्हावी म्हणून राज्यांच्या जागा वापरल्या जाऊं लागल्या, तर जागा एक असो कीं दहा, राज्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. ती अट पुनः घातली पाहिजे.

मोठीं राज्यें हें मान्य कशास करतील, असा एक प्रश्न उरतो. राज्यांच्या संसदेंतील प्रतिनिधित्वांत फेरफार करावयाचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमति आमच्या घटनेनें सांगितली आहे. तेव्हां मोठ्यांस लहानांवांचून व लहानांस मोठ्यांवांचून ही गांठ सोडवितां येणारी नाहीं. उत्तरेस लोकसभेंत रास्त वांटा हवा आहे, दक्षिणेस व सीमेवरील राज्यांस निर्धास्तपणा. दोहोंस एकमेकांकडून कांहीं घ्यावयाचें आहे, आणि जेथें दोघांसहि घ्यावयाचें असतें तेथें सौदा जुळतो, हा बाजारपेठेचा रोजचा अनुभव आहे.

या सौद्यांत तिसऱ्याची आठवण मात्र आधींच ठेवावी. २०२३ सालीं एकशें सहाव्या घटनादुरुस्तीनें लोकसभेंत व विधानसभांत स्त्रियांस एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याचें ठरलें. आणि त्याच दुरुस्तीनें त्याचा अंमल पुढील शिरगणति व मतदारसंघांची पुनर्रचना यांवर टांगून ठेवला. पुरुषांनीं प्रांतांचें भांडण मिटवावें, मग बहिणींनीं आंत यावें, असा याचा अर्थ झाला. राज्यांचा हिशेब लांबला तर लांबो. देशाच्या अर्ध्या माणसांचा हक्क त्या भांडणाचा ओलीस होतां कामा नये. फिलाडेल्फियाच्या सभागृहांत जो नव्हता त्यास अठ्ठ्याहत्तर वर्षें थांबावें लागलें, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

शेवटीं महाराष्ट्राविषयीं दोन शब्द. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें देशाच्या वस्तींत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा सव्वानऊ, आणि लोकसभेच्या ५४३ जागांत त्याच्या ४८ म्हणजे शेंकडा पावणेनऊहून किंचित् अधिक. जुनें माप राहिलें काय कीं नवें आलें काय, महाराष्ट्रास फार मिळवावयाचें नाहीं व फार गमवावयाचेंहि नाहीं. त्याचा एक हात उत्तरेस लागतो, दुसरा दक्षिणेस. शेजारीं दोन जागांचें गोवें आहे. शिवाय लहानमोठ्यांची तडजोड कशी करावी याचा अनुभव त्यास घरींच आलेला आहे. १९५३ सालच्या नागपूर करारांत विदर्भ व मराठवाडा यांस केवळ डोकीं मोजून गप्प बसविलें नाहीं. विधिमंडळाचें एक अधिवेशन दरवर्षीं नागपुरास भरावें, असेंहि ठरविलें. तो करार किती पाळला गेला याविषयीं मतभेद आहेत, व ते असावेतहि. परंतु ज्यास आपण दूर पडलों असें वाटतें त्याच्या दाराशीं सभा नेऊन भरविली पाहिजे, ही समज त्यांत होती.

१७८७ सालीं कनेक्टिकटनें जें केलें तें करण्याची पात्रता आज ज्या थोड्या राज्यांत आहे, त्यांत महाराष्ट्र एक आहे. आपल्या खासदारांनीं या वादांत केवळ आपल्या पक्षाच्या हांकेस ओ देत बसूं नये. लोकसभेंत माणसांस न्याय व राज्यसभेंत राज्यांस आधार, अशी दोन मापांची योजना लेखी स्वरूपांत पुढें ठेवावी, आणि दक्षिण व उत्तर दोहोंकडील पुढाऱ्यांस एका बैठकीवर आणावें. आमच्या वाचकांसहि एक विनंति आहे. मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास रस्त्यांविषयीं व पाण्याविषयीं आपण विचारतांच. यापुढें राज्यसभेच्या उतरत्या मापाविषयीं व रहिवासाच्या अटीविषयीं त्याचें मत काय, हेंहि विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर त्यानें तें शोधून घेऊन पुनः यावें.